वाचकांचे प्रश्न : गाड्या, गोदाम आणि घरचा धंदा

मालवाहतुकीचा किंवा गोदामाचा धंदा करणाऱ्या गोव्यातल्या घरांकडून आलेले हे प्रश्न आहेत. नावे वगळली आहेत. उत्तरांत धरलेले खर्चाचे दर उदाहरणादाखल आहेत. आपल्या गाडीचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडावा.

प्र. आमचे तीन टिप्पर खाणीवर चालायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, थोड्या सावरल्या, २०१८ मध्ये परत बंद. वडील म्हणतात, अजून थोडे थांबूया. मी आणि धाकटा भाऊ ३२ फुटी बंद बॉडीची गाडी घेऊन मुंबई-बंगळुरू लाइनवर उतरावे म्हणतो. टिप्पर विकावेत का? (कुडचडे)

उ. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खाणपट्ट्यांच्या लिलावानंतर डिचोलीसारखे ब्लॉक पुन्हा सुरू झाले आहेत. पण दोनदा बंद पडलेल्या कामावर तिन्ही गाड्या अडकवून ठेवू नयेत. टिप्परवर खोके किंवा पोती चालत नाहीत. खाण सोडली तर त्याला चिरे, खडी आणि भरावाची माती एवढेच काम उरते. इंजिन बरे आणि पासिंग ताजे असलेला एक टिप्पर ठेवा. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी लागते. बाकीचे दोन विकायचे असतील तर पुढच्या पासिंगची डागडुजी अंगावर येण्याआधी विका.

आता नवी गाडी. ३२ फुटी, तीन अॅक्सलची, दहा टायरची गाडी धरा. हप्ता ६५,००० रुपये, चालकाचा पगार व भत्ता ३०,०००, क्लीनर १४,०००, विमा ८,०००, कर-परमिट-पासिंगचा मासिक वाटा ४,०००, पार्किंग व ऑफिस ९,००० असे धरले, तर गाडी जागेवर उभी असली तरी महिन्याला १,३०,००० रुपये जातात. चालती गाडी किलोमीटरला वेगळे खाते. ९० रुपये लिटरचे डिझेल आणि चारचे अॅव्हरेज धरले तर २२.५० रुपये. बीएस-६ इंजिनाला डिझेलच्या पाच टक्क्यांच्या आसपास अॅडब्लू (धूर शुद्ध करणारे युरियाचे द्रावण) लागते, त्याचे ७५ पैसे. २२,००० रुपयांचा एक असे दहा टायर ८०,००० किलोमीटर चालले तर २.७५. दुरुस्ती २.५० आणि टोल ५. एकूण ३३.५० रुपये.

महिन्याला ६,००० किलोमीटर झाले तर किलोमीटरचा खर्च ५५ रुपये पडतो, ९,००० झाले तर ४८. या ९,००० पैकी ६० टक्केच किलोमीटर भरून असतील, तर भरलेल्या किलोमीटरमागे ८० रुपये मिळाल्याशिवाय मुद्दलही निघत नाही. तेच ८० टक्के भरून असतील तर ६० रुपयांत भागते. एका गाडीच्या फायद्या-तोट्याचा निकाल या फरकात लागतो. भाडे दोन रुपयांनी वाढवून घेण्यासाठी भांडण्यापेक्षा परतीचा माल शोधण्यात घातलेला वेळ कितीतरी जास्त पैसे देतो.

गोव्यात ही अडचण जरा वेगळ्या तऱ्हेची आहे. इथे येणारा माल जड असतो: सिमेंट, लोखंड, लाद्या, किराणा, बेळगावची भाजी. वेर्णा, कुंडई, मडकईच्या औद्योगिक वसाहतींतून बाहेर जाणारा माल बराचसा औषधे आणि विजेची उपकरणे असा हलका असतो आणि जागा खातो. वजन निम्म्यावरही आलेले नसते तोच बॉडी छताला टेकते. म्हणून बाहेरचे भाडे टनावर ठरवू नका, खेपेवर ठरवा. गिऱ्हाईक प्रामुख्याने खोक्यांचेच असेल तर ३२ फुटीतलीच सात टनांची सिंगल अॅक्सल गाडी पुरते. हप्ता कमी, टायर सहा आणि अॅव्हरेजही बरे. मुंबईकडची कामे जास्त असतील तर कोकण रेल्वेच्या वेर्णा-कोलाड रो-रोचा, म्हणजे भरलेला ट्रकच वॅगनवर चढवून नेण्याच्या सेवेचा, दर मागवून ठेवा. १९९९ पासून ही सेवा आहे. पावसाळ्यात महामार्गावर टायर आणि क्लच झिजवण्यापेक्षा ती कधी कधी स्वस्त पडते. मात्र वॅगनवर चढणाऱ्या गाडीच्या उंचीला मर्यादा असते, ती आधी विचारा.

एक सवय मात्र खाणीवरच सोडून यायला हवी, ती म्हणजे फाळका भरून वर भरण्याची. तीन अॅक्सलच्या गाडीचे मालासह एकूण वजन २८.५ टनांपर्यंत चालते. त्यावर गेल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा काट्याची पावती मागते.

कर्ज काढण्याआधी तीन महिने बाजारातल्या भाड्याच्या गाड्या लावून स्वतःच्या बिल्टीवर (वाहतूकदाराच्या माल-पावतीवर) माल पाठवून पाहा. नफा नगण्य राहील, पण दोन्ही बाजूंचा माल देणारी चार गिऱ्हाइके बांधली जातात का, ते कळेल. नसतील बांधली जात तर स्वतःची गाडी घेऊनही बांधली जाणार नाहीत.

प्र. दरड कोसळल्याने अनमोड घाटात गाडी दीड दिवस अडकली आणि ई-वे बिलाची (जीएसटीखाली माल नेण्याच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली. आता काय होईल? (मोले)

उ. मुदत संपण्याच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांत वाहतूकदार स्वतः मुदत वाढवू शकतो. कारण आणि गाडी उभी असलेले ठिकाण भरावे लागते. ही खिडकी हुकली आणि गाडी तपासणीत सापडली, तर मालाच्या मालकाने पुढे येऊन तो सोडवला तरी कराच्या दुप्पट दंड लागू शकतो. म्हणून चालकाने अडकल्याचा फोन केला की ऑफिसातल्या माणसाने लगेच बिलाची वेळ पाहावी. दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घेतला तर नव्या गाडीचा नंबर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये आधी चढवा, मग निघा. घाटातले रस्ता बंद असल्याचे फोटो आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रत बिलासोबत जपून ठेवा.

प्र. आमच्या ६,००० चौरस फुटांच्या गोदामात बिस्किटे आणि साबणाचे खोके असतात. छप्पर गळत नाही, तरी जुलै-ऑगस्टमध्ये खालचे खोके चेपतात, थर कलतात, पुठ्ठ्याला बुरशी येते. हवा खेळती राहावी म्हणून आम्ही एक्झॉस्ट पंखे रात्रंदिवस चालू ठेवतो. कंपनीने गेल्या पावसाळ्यात बिलातून पैसे कापले. (बेतोडा)

उ. पंखे बंद करा. त्रासाचे मोठे कारण तेच आहेत. पावसाळ्यात गोव्याची हवा साधारण २९ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची असते. तिच्यातली वाफ २७ अंशांच्या आसपासच्या थंड वस्तूवर पाणी होऊन बसते. गोदामाची फरशी, विशेषतः जमिनीला चिकटलेले जुने काँक्रीट, रात्री २६ अंशांपर्यंत उतरते. पंखा आतली हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच ओली हवा दाराखालून आत ओढतो. फरशी घामेजते आणि खालचा पुठ्ठा ते पाणी पितो. पुठ्ठ्याच्या खोक्याची दाब झेलण्याची ताकद ९० टक्के आर्द्रतेत जवळजवळ निम्मी होते. मे महिन्यात जो थर सहा खोक्यांचा उभा राहतो, तो जुलैत चारवरच डगमगू लागतो. म्हणजे गळती शोधून उपयोग नव्हता. थर कमी करायला हवे होते.

करायचे ते असे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सप्टेंबरअखेर थराची उंची तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवा. जागा कमी पडेल, पण ती कंपनीकडून आधीच लेखी मान्य करून घ्या: पावसाळी थर इतके, उन्हाळी इतके. मग कपातीचा वाद उरत नाही. सगळा माल फरशीपासून किमान १५ सेंटिमीटर वर पॅलेटवर (माल ठेवायच्या सपाट चौकटीवर) घ्या. लाकडी पॅलेट ओले असतील तर तेच बुरशी आणतात. म्हणून मेमध्ये उन्हात वाळवा किंवा प्लॅस्टिकचे वापरा. भिंतीपासून ६० सेंटिमीटर वाट सोडा. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा नसेल तर पश्चिमेकडची भिंत ओल धरते, आणि तिला टेकलेला थर सगळ्यांत आधी पडतो.

दाराला पट्ट्यांचा प्लॅस्टिक पडदा लावा आणि गाडी भरताना एकच दार उघडे ठेवा. पंखे लावायचे असतील तर पाऊस उघडल्यावर, बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असताना. त्यासाठी आर्द्रतामापक लागतो. तो महाग नसतो. तीन घ्या: एक दाराजवळ, एक मधोमध, एक मागच्या कोपऱ्यात थराच्या पायाशी. सकाळी आठ आणि दुपारी तीन अशी नोंद वहीत ठेवा. पुढच्या वेळी कंपनीने कपात काढली तर ही वही टेबलावर ठेवता येते.

फरशी नव्याने घालायची वेळ आली तर काँक्रीटखाली २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद जोडांवर ३० सेंटिमीटर चढवून अंथरा. ओल खालून चढण्याचे थांबते. फरशी अंगणापेक्षा निदान ६० सेंटिमीटर उंच ठेवा.

आणि गाड्या विसरू नका. मेमध्ये भर दुपारी प्रत्येक बंद बॉडीत माणसाने शिरून दार लावून घ्यावे. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून पाणी येते. कोपऱ्यातले रिव्हेट आणि दाराचे रबर हे नेहमीचे गुन्हेगार. हमालांच्या पायांनी आलेल्या चिखलाचे पाणीही तळाच्या खोक्यांना पुरते, म्हणून चढण्याआधी तळाला कोरडा पुठ्ठा अंथरा.

प्र. सासऱ्यांची पेडण्यात रस्त्याला लागून जमीन आहे. तिथे गोदाम बांधून फर्मला भाड्याने द्यावे असे घरात ठरते आहे. सुरुवात कुठून करावी? (म्हापसा)

उ. एक-चौदाच्या उताऱ्यातून, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीतून. त्यातला कुळाचा रकाना वाचा. कुळाच्या जमिनीला १९९१ च्या भू-वापर कायद्याने बिगरशेती वापराची वाट बंद केली आहे. तिथे नाव असेल तर पुढचा खर्च करू नका. रकाना कोरा असेल तर नगरनियोजन खात्याकडून झोनचा दाखला घ्या. गोदामाला झोन अनुकूल हवा, मग रूपांतराची सनद (शेतजमीन बिगरशेती करण्याचा परवाना), बांधकाम परवाना, पंचायतीचा परवाना आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला हा क्रम. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन) किंवा सखल शेताची जमीन स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. भराव घालून पाणी शेजारच्या शेतात जाते आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालते.

सनदेआधी गाडी वळते का ते पाहा. ३२ फुटी गाडी मागे लावायला दारासमोर १८ ते २० मीटर मोकळी जागा लागते, चाळीस फुटी ट्रेलरला ३० मीटर. रस्ता सहा मीटरचा हवा. गावातल्या वळणावर विजेच्या तारा किती खाली आहेत ते काठीने मोजा. बंद बॉडीची गाडी चार मीटरच्या आसपास उंच असते. डॉकची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याची, उंची १.२ मीटर ठेवा.

जमीन सासऱ्यांच्या नावावर असली तरी गोव्याच्या कौटुंबिक कायद्याप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर संपत्ती पती-पत्नीची सामाईक असते. भाडेकराराला आणि बँकेच्या गहाणखताला सासूबाईंचीही सही हवी. करार नोंदणीकृत आणि निदान कर्जाच्या मुदतीएवढा लांब असावा. नाहीतर बँक बांधकामाला कर्ज देत नाही, आणि उद्या वाटणीत गोदाम एकाचे आणि माल दुसऱ्याचा असे होते.

प्र. आमच्या नऊ गाड्या आहेत. आणखी दोन घ्यायच्या आहेत, पण सीए म्हणतात दहावर थांबा. सगळ्या वडिलांच्या नावावर आहेत. मुलांच्या नावाने घेतल्या तर? (फोंडा)

उ. सीए सांगतात त्याची दोन कारणे. दहापर्यंत गाड्या असलेल्यास अंदाजित नफ्यावर कर भरता येतो. १२ टनांहून जड गाडीला एकूण वजनाच्या प्रत्येक टनामागे महिन्याला १,००० रुपये, हलक्या गाडीला वजन न पाहता महिन्याला ७,५०० रुपये नफा धरला जातो. २८.५ टनांच्या नऊ गाड्यांचा वर्षाचा नफा ३०,७८,००० रुपये धरला जाईल. तेवढा खरोखर होतो का ते आधी तपासा. होत नसेल तर ही सवलत तुमच्यासाठी फारशी गोड नाही आणि दहाची मर्यादा कवटाळण्यात अर्थ नाही. दुसरे कारण टीडीएस. दहापर्यंत गाड्या असून पॅनसह तसे लिहून दिले तर गिऱ्हाईक टीडीएस कापत नाही. वर्षात एक दिवसही अकरावी गाडी आली की कापतो, एकट्या मालकाला एक टक्का, फर्मला दोन टक्के. ११ गाड्यांचे महिन्याचे बिल ४९.५ लाख असेल तर फर्मचे दोन टक्क्यांनी दर महिन्याला जवळपास एक लाख रुपये परतावा मिळेपर्यंत अडकतात. तेवढे खेळते भांडवल आहे का? असेल तर खुशाल वाढा. हप्त्यावरच्या गाड्याही मोजल्या जातात हे लक्षात ठेवा.

मुलाच्या नावाने गाड्या घ्यायच्या तर त्याचा धंदा खरोखर वेगळा हवा. कर्ज, बँक खाते, चालक, बिल, गिऱ्हाईक सगळे त्याचे. एकाच बिल्टीवर दोन नावांच्या गाड्या चालवून वर दाखवण्यापुरती वाटणी केली तर ती टिकत नाही. विवाहित मुलगा असेल तर धंद्याचे उत्पन्न पती-पत्नीच्या विवरणपत्रांत निम्मे-निम्मे दाखवावे लागते. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यात हा नियम आहे आणि वडिलांनाही तो लागू आहे. सुनेला कागदांत आधीपासून सामील करा.

सगळ्या गाड्या वडिलांच्या एकट्याच्या नावावर असणे ही खरी धोक्याची गोष्ट आहे. परमिटधारक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवून वारसाला तीन महिनेच ते परमिट वापरता येते. दरम्यान वारसाहक्काची इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणीचे प्रकरण) कोर्टात लागली तर नऊ गाड्या उभ्या राहतात. वडील धडधाकट असताना भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) करून गाड्या तिच्या नावावर आणा. करारात प्रत्येकाचा वाटा, कामाचा पगार, चेकवरच्या सह्या आणि बाहेर पडणाऱ्याला पैसे किती वर्षांत द्यायचे, हे चारही लिहा. घरातल्या माणसाला पगार न देता "नफ्यातून घे" म्हणणे हे भावाभावांतल्या कुरबुरीचे मूळ असते.

प्र. गाड्या दोनाच्या सहा झाल्या, काम भरपूर आहे, पण डिझेलला पैसे नसतात. (वेर्णा)

उ. एका गाडीचे बिल महिन्याला ४.५ लाख आणि गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देत असेल, तर गाडीमागे नऊ लाख रुपये गिऱ्हाइकाकडे पडून राहतात. सहा गाड्यांचे ५४ लाख. गाडी घेताना बँकेने गाडीचे कर्ज दिले, या उधारीचे कोणी दिले नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, करार नसेल तर १५. मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंत पैसे दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही, म्हणून त्यांचे लेखा खाते ही गोष्ट मनावर घेते. बिल त्याच आठवड्यात, पोहोच पावतीच्या प्रतीसह पाठवा. बहुतेक ठिकाणी पैसे अडतात ते पावती चालकाच्या डॅशबोर्डवर राहिल्यामुळे.

प्र. वाहतुकीला आम्ही जीएसटी नोंदणी केलेली नाही, गिऱ्हाईकच रिव्हर्स चार्जने भरते. छोटे गोदाम सुरू केले तर? (काणकोण)

उ. नोंदणी लागेल. गोदामाचे भाडे वर्षाला दोनच लाख असले तरी २० लाखांच्या मर्यादेत तुमची वाहतुकीची उलाढालही मोजली जाते. गोदाम सेवेवर १८ टक्के. शेतमालाची साठवण मात्र करमुक्त आहे. वाहतुकीवर पाच टक्के बिगर-क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर वळता मिळत नाही) किंवा १८ टक्के क्रेडिटसह असा पर्याय आहे. नव्या गाड्या घेत असाल तर दुसरा तपासून पाहा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आलेला ट्रकवरचा कर तुम्हाला वळता मिळतो. डिझेल जीएसटीत नसल्याने त्याचे काही मिळत नाही.

प्र. औषध कंपनीने आमच्या जुन्या गोदामात चार मजली रॅक लावायला सांगितले आहे. १०,००० चौरस फूट जागा आहे. फायदा होईल का? (कुंडई)

उ. जागेचा फायदा मोठा आहे. मोकळ्या फरशीवर १२०० बाय १००० मिलिमीटरचे सुमारे ४०० पॅलेट बसतात, रॅकवर १,१०० च्या आसपास. पण आधी फरशी. दोन पॅलेटच्या खणात एक टनाचा एक असे तीन वरचे मजले भरले की मधल्या चौकटीवर सहा टन येतात, म्हणजे एका पायावर तीन टन, आणि तो पाय उभा असतो वीतभर पट्टीवर. जुन्या गोदामातले १०० मिलिमीटरचे साधे काँक्रीट तिथे तडकते, पाय काही मिलिमीटर खचतो आणि वरचा मजला त्याच्या कितीतरी पट झुकतो. तीन-चार ठिकाणी कोअर (काँक्रीटचा आरपार नमुना) काढून जाडी आणि खालची भर तपासा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला घ्या. फरशी कमी पडत असेल तर मजले चारऐवजी तीन करा किंवा रॅकच्या रेषेत काँक्रीटचे पट्टे नव्याने ओता.

साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन ते चार मीटर वाट लागते, रीच ट्रकला (अरुंद वाटेत चालणाऱ्या फोर्कलिफ्टला) तीन मीटरपर्यंत. १,१०० हा आकडा रीच ट्रकचा आहे. आणि औषधे ठेवायची तर छताखालचा वरचा मजला मेमध्ये किती तापतो ते महिनाभर मोजा. तिथे ३० अंशांच्या वर गेले तर त्या मजल्यावर औषधे चालणार नाहीत आणि तुमच्या पॅलेटच्या एकूण जागांपैकी पाव जागा तिथेच कमी होतील. छताला उष्णतारोधक अस्तर घालायचा खर्च कोण करणार, हे रॅकची ऑर्डर देण्याआधी कंपनीकडून लिहून घ्या.